पझल फायटर जिंकायचा कसा, आणि आज घ्यायचा तर कोणता घ्यायचा

सुपर पझल फायटर टू टर्बो म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून रंगीत जेम (रत्नं) रचायचा आणि फोडायचा व्हिडिओ गेम. तो नवीन खेळून राहिलेला माणूस ओळखायचा असेल तर एकच गोष्ट बघा, तो सारखा फोडत असतो. क्रॅश जेम, म्हणजे बाकीच्यांना फोडणारा जेम, आला की फोड, दोन हिरवे जवळ दिसले की फोड, बोर्ड कसा एकदम अंगण झाडल्यासारखा साफ, आणि तेवढ्यात समोरचा एकदाच फोडतो आणि याचा खेळ खलास. मग म्हणते की लकचा गेम आहे बे हा. लकचा नाही भाऊ. या गेममध्ये फोडण्यापेक्षा न फोडता थांबणं जास्त कठीण आहे, आणि खाली जे काही लिहून राहिलो ते जवळपास सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

लिहायचं कारण असं की उन्हाळ्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच कोणी बाहेर निघत नाही, पारा ४५ च्या वर, कूलरसमोर सगळे चुलत-मावस भाऊबहीण जमलेले, आणि फायटिंग गेम लावला की ज्याच्या घरी कन्सोल आहे तोच जिंकतो, बाकीचे दोन दिवसात बोअर होऊन मोबाईल काढतात. पझल फायटरमध्ये तसं होत नाही. याच्यात हाताच्या सवयीपेक्षा डोकं जास्त चालते, दहा मिनिटात कोणालाही शिकवता येतो, आणि ज्या काकूने आयुष्यात कंट्रोलर धरला नाही तीही तिसऱ्या मॅचला तुम्हाला पाडू शकते.

आधी थोडी ओळख. कॅपकॉम या जपानी गेम कंपनीने हा १९९६ मध्ये आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी, काढला, सीपीएस-टू नावाच्या त्यांच्याच बोर्डवर, ज्याच्यावर त्यांचे तेव्हाचे स्ट्रीट फायटर आणि डार्कस्टॉकर्स चालायचे. त्याच दोन्ही गेममधली मंडळी इथे मोठ्या डोक्याची, बुटकी, कार्टूनसारखी करून आणली आहेत. रियू, केन, चुन-ली, साकुरा एकीकडून आणि मॉरिगन, फेलिशिया, डोनोव्हन, शियेन-को दुसरीकडून. शिवाय लपवलेले तीन, अकुमा, डॅन आणि कॅपकॉमच्याच सायबरबॉट्स गेममधली डेव्हिलॉट. एकूण अकरा. स्क्रीनच्या मधोमध ते एकमेकांना ठोकत असतात पण तो नुसता शो आहे, तुम्ही इकडे जे फोडता त्याच्यावर ते नाचतात. आणि नावात 'टू' आहे म्हणून पार्ट वन शोधत बसू नका, तो निघालाच नाही, सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो या लांबलचक नावाची गंमत म्हणून हे नाव ठेवलं.

आता बोर्ड. सहा कॉलम रुंद. वरून जोडीजोडीने जेम पडतात, लाल, हिरवा, निळा, पिवळा, चारच रंग. जोडी फिरवता येते, डावी-उजवीकडे नेता येते, खाली दाबून ठेवलं तर भर्रकन येते, आणि पुढची जोडी कोणती ते बाजूला दिसते. बस एवढंच. साधे जेम आपोआप फुटत नाहीत, कितीही एका रंगाचे जमवा, नुसते पडून राहतात. हे टेट्रिस किंवा कँडी क्रशवाल्या डोक्याला पहिले पाच मिनिटं पटतच नाही. फोडायला क्रॅश जेम लागतो, तो गोल असतो आणि मधूनमधून जोडीत येतो, त्याच रंगाच्या जेमला लागला की त्याला चिकटलेले त्या रंगाचे सगळेच्या सगळे फुटतात. जेवढे फुटले तेवढ्याच्या हिशोबाने समोरच्यावर कचरा पडतो.

हरायचं कसं हे पण नीट समजून घ्या कारण अर्धे लोक हेच चुकीचं समजून खेळतात. बोर्ड पूर्ण भरल्यावर तुम्ही हरत नाही. डावीकडून चौथा कॉलम वरपर्यंत भरला की हरता. जोड्या त्याच कॉलममधून येतात ना, दरवाजाच बंद झाला तर पुढची जोडी येणार कुठून. बाकीचे पाच कॉलम टोकापर्यंत भरलेले असले तरी तुम्ही जिवंत आहात. म्हणजे चौथा कॉलम बुटका ठेवायचा आणि बाजूला बिनधास्त चढवायचं. घाबरट माणूस सगळीकडे सारखी उंची ठेवते आणि त्याच्यामुळे मोठं काही बनतच नाही.

मोठं म्हणजे काय, तर पॉवर जेम. एका रंगाचे चार जेम दोन बाय दोन असे बसले की ते जोडले जाऊन एक मोठा चकाकता चौकोन होतो. मग त्याच्या बाजूला किंवा वर त्याच रंगाची पूर्ण ओळ लागली की तो वाढतो, दोन बाय तीन, तीन बाय तीन, तीन बाय चार. पूर्ण ओळ हे लक्षात ठेवा, तीन रुंद चौकोनावर दोनच ठेवले तर चौकोन वाढत नाही, तिसरा आला की वाढतो. सुटे चार फोडले आणि चारचा पॉवर जेम फोडला तर मार सारखा नाही, पॉवर जेमचा बराच जास्त, आणि जेवढा मोठा तेवढा फरक वाढत जातो. म्हणून मी सुरुवातीला बोललो की थांबा. दोन बाय दोन झाला आणि हातात क्रॅश आहे, तरी फोडू नका. तीन बाय चार होऊ द्या.

कुठे बनवायचा? चौथा कॉलम मोकळा ठेवायचा म्हटलं तर डावीकडे तीन कॉलम उरतात आणि उजवीकडे दोन. मी तरी डावीकडच्या तीन कॉलमला गोडाऊन मानतो. पहिले आठ-दहा जोड्यांत जो रंग जास्त येऊन राहिला तो डावीकडे तळाला घालायचा, तीन रुंद, आणि वर वाढवत न्यायचा. दुसऱ्या नंबरचा रंग उजवीकडच्या दोन कॉलममध्ये, तिथे दोन रुंद आणि उंच बनते. उरलेले दोन रंग चौथ्या कॉलममध्ये आणि जिथे जागा मिळेल तिथे, आणि त्यांचे क्रॅश आले की ते मात्र लगेच फोडून टाका, तो कचराच आहे, त्याचं काही बनवायचं नाही. चारही रंगांचे चौकोन बनवायचा मोह नव्या लोकांना होतोच होतो, आणि मग एकही पूर्ण होत नाही आणि चौथा कॉलम डोक्यावर येते.

जोडीत दोन वेगळे रंग आले तर काय, हा प्रश्न सगळे विचारतात. जोडी उभी टाकायची, कामाचा रंग खाली, बिनकामाचा वर? नाही, मग चौकोनावर बिनकामाचं झाकण बसते. आडवी टाका, कामाचा जेम तिसऱ्या कॉलममध्ये चौकोनावर जाईल आणि बिनकामाचा चौथ्यात पडेल. आडवी जोडी खाली उंचसखल असेल तर तुटते आणि दोन्ही अर्धे आपापल्या कॉलममध्ये तळापर्यंत जातात, त्याचा फायदा घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या कॉलमला मात्र असं सोप्पं नाही, तिथे एकाच रंगाची जोडी येईपर्यंत वाट बघा किंवा एखादा चुकीचा जेम सहन करा. सगळं परफेक्ट बसलं पाहिजे असा हट्ट धरणारे हळू खेळतात आणि हळू खेळणारा हरतो.

क्रॅश जेम साठवायला शिका, हे पुढचं. क्रॅश आला आणि त्याचा रंग शेजारी नाही तर तो काहीच करत नाही, साध्या जेमसारखा पडून राहतो. म्हणजे त्याला मुद्दाम दुसऱ्या रंगावर ठेवून देता येते. समजा डावीकडे तळाला मोठा लाल चौकोन आहे, त्याच्यावर दोन-तीन निळे पडले, आणि आता लाल क्रॅश आला. लाल क्रॅश निळ्यांच्या डोक्यावर ठेवा. बाजूने लाल दिसत नाही, काही फुटत नाही. नंतर निळा क्रॅश आला की तो त्या निळ्यांना लावा, निळे फुटले, वरचा लाल क्रॅश खाली पडला, लाल चौकोनाला लागला, धडाम. याला चेन म्हणतात, आणि चेनमध्ये नंतर फुटणाऱ्याला जास्तीचा मार मिळते. म्हणून चेनमध्ये आधी चिल्लर फोडायची आणि मोठा चौकोन शेवटी, उलट केलं तर फायदा नाही.

पण चेनच्या मागे वेडे होऊ नका. पुयो पुयो खेळून आलेले लोक पाच-सहा पायऱ्यांची चेन रचत बसतात कारण त्या गेममध्ये तेच चालते. इथे माझ्या मते एक मोठा चौकोन आणि त्याच्यावर एका पायरीची चेन, बस, याच्यापुढे मेहनत जास्त आणि मिळकत कमी, आणि तेवढ्या वेळात समोरचा तुमच्यावर कचरा टाकून तुमची सगळी रचना गाडून टाकते.

आता कचरा. इथेच खरा गेम आहे आणि इथेच लोक वाचत नाहीत.

समोरच्याने फोडलं की तुमच्यावर नंबरवाले जेम पडतात, त्यांना काउंटर जेम म्हणतात. त्यांच्यावर ५ लिहिलेलं असते, तुम्ही एकेक जोडी टाकली की नंबर एकेकने उतरतो, आणि शून्य झाला की तो ज्या रंगाचा होता त्या रंगाचा साधा जेम होऊन जातो. थांबून विचार करा याचा अर्थ काय. समोरच्याने तुमच्यावर जे फेकलं ते पाच जोड्यांनंतर तुमचा दारूगोळा आहे. त्याने तुम्हाला चोवीस जेम दिले आणि तुम्ही पाच जोड्या तग धरला तर तुमच्याकडे चोवीस जेम जास्त आहेत आणि त्याचा बोर्ड रिकामा आहे. मग फोडायची पाळी तुमची. म्हणूनच अर्धवट मार मारणं सगळ्यात वाईट, त्याने समोरचा मरत नाही, उलट श्रीमंत होते. मारायचं तर इतकं मारा की चौथा कॉलम बंदच झाला पाहिजे, नाही तर मारू नका, बांधत रहा.

आणि कचरा येऊन राहिला असताना, म्हणजे समोरच्याने फोडलं पण तुमच्या बोर्डवर पडायचा बाकी आहे, तेव्हा तुम्ही काही फोडलं तर तुमचा मार आधी त्या येणाऱ्या कचऱ्यातून वजा होतो. ज्याच्याकडे मोठा चौकोन आणि क्रॅश दोन्ही तयार आहे त्याला समोरच्याच्या हल्ल्याची भीती नाही, त्याने मारलं की तुम्ही फोडा, त्याचं आलेलं कापलं गेलं, उरलेलं त्याच्याच डोक्यावर, आणि त्याच्याकडे आता बचावाला काहीच नाही कारण त्याने नुकतंच सगळं उडवलं. दोन चांगले खेळाडू बसले की बराच वेळ कोणीच काही फोडत नाही, दोघंही भरून बसलेले असतात आणि एकमेकांचा बोर्ड बघत असतात, की आधी कोणाचा धीर सुटतो. बघणाऱ्याला वाटते काही होऊनच नाही राहिलं. खेळणाऱ्याच्या हाताला घाम आलेला असतो.

आता कॅरेक्टर. लोक आवडीचा हिरो बघून निवडतात, पण इथे कॅरेक्टर म्हणजे फक्त एक गोष्ट, तुम्ही समोरच्यावर कोणत्या रंगांचा कचरा कोणत्या मांडणीत टाकता. प्रत्येकाचा सहा रुंद आणि चार उंच असा ठरलेला नकाशा आहे, तो कधी बदलत नाही, कचरा जास्त असेल तर तोच परत वरून सुरू होते. रियूचा नकाशा उभ्या पट्ट्यांचा, म्हणजे एका कॉलममध्ये खालपासून वरपर्यंत एकच रंग. केनचा आडव्या पट्ट्यांचा, एक पूर्ण ओळ एका रंगाची, तिच्यावर दुसरी ओळ दुसऱ्या रंगाची.

ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात पण नाहीत. रियूची पट्टी उभी आहे, तिला खालची जमीन कशीही असली तरी फरक पडत नाही, चार लाल एकावर एक ते एकावर एकच राहतात, वर एक लाल क्रॅश ठेवला की चारही गेले, आणि बाजूला स्वतःचे लाल उभे केले तर आयता पॉवर जेम. समोरच्याला मोठा हल्ला म्हणजे मोठी भेट. केनची ओळ मात्र सपाट बोर्डवरच ओळ राहते. बोर्ड उंचसखल असेल, आणि तो असतोच कारण सगळे डावीकडे गोडाऊन बांधून बसलेले असतात, तर ओळीतले सहा जेम वेगवेगळ्या उंचीवर पडतात, एकमेकांना लागत नाहीत, आणि चार ओळी पडल्या की सगळी खिचडी. शिवाय वरची ओळ काढल्याशिवाय खालची मोकळी होत नाही. म्हणून मूळ गेममध्ये जुने खेळाडू केनला फार वर ठेवतात, आणि त्याच्या जोडीला डोनोव्हनला. रियू घेऊन त्यांच्यासमोर बसणं म्हणजे थोडं उतारावरून वर चढत खेळणं आहे, जिंकता येते पण घाम काढते.

यावरून केनविरुद्ध काय करायचं ते पण कळते. त्याच्यासमोर बोर्ड होईल तितका सपाट ठेवा. मग त्याची ओळ ओळच पडते आणि वरची ओळ एका क्रॅशने साफ. छोटे हल्ले तर त्याचे तुमच्यासाठी गिफ्ट आहेत, एकाच रंगाचे सहा जेम शेजारीशेजारी. रियूविरुद्ध उलटं, त्याचे छोटे हल्ले त्रासदायक कारण प्रत्येक कॉलममध्ये वेगळ्या रंगाचा एकेक दाणा पडतो, पण मोठा हल्ला पचवला तर मजाच मजा.

बाकीच्यांचे नकाशे पाठ करायची माझी पद्धत सांगतो. दोन प्लेअर लावा, समोर कोणाला तरी बसवा आणि त्याला सांगा की काही फोडू नको, नुसतं डावीकडे-उजवीकडे पसरवत टाकत रहा. कोणीच नसेल तर दुसरा कंट्रोलर नुसता ठेवून चालत नाही, त्याच्या जोड्या चौथ्या कॉलममध्येच एकावर एक बसतात आणि पाच-सात जोड्यांत तो मरते. मग तुम्ही एक मोठा चौकोन फोडा आणि त्याच्या बोर्डवर काय पडलं त्याचा मोबाईलने फोटो काढून ठेवा. आमच्या ग्रुपवर असे सगळ्यांचे फोटो पिन केलेले आहेत. तुम्हाला स्वतःच्या कॅरेक्टरचा नकाशा माहीत नसला तरी चालेल हो, पण समोरच्याचा माहीत पाहिजे, कारण पडणार तुमच्यावर आहे. कचरा दिसायला लागला की पाच जोड्यांचा वेळ असतो, तेवढ्यात कोणत्या कॉलममध्ये कोणता रंग मोकळा होणार हे माहीत असेल तर त्या रंगाचा क्रॅश आधीच शेजारी नेऊन ठेवता येते, नंबर शून्य झाला की नुसता एक जेम जोडायचा आणि सगळं परत त्याच्याकडे.

डायमंडबद्दल थोडंसंच. दर पंचविसावी जोडी डायमंडची येते, चमचम करत. तो ज्या रंगावर पडेल त्या रंगाचे बोर्डवरचे सगळे जेम जातात. नवीन माणूस तो पाहून खूश होतो आणि आपला सगळ्यात मोठा चौकोन त्याने फोडतो. नका करू. डायमंडने फोडल्याचा मार कमी बसतो. डायमंड बचावासाठी आहे, म्हणजे चौथा कॉलम गळ्याशी आलेला असताना ज्या रंगाची अडगळ जास्त तो रंग साफ करायचा. मोठा चौकोन बांधत असाल तर डायमंड त्या रंगाला लागू न देता दुसरीकडे टाका. येणार कधी ते आधीच माहीत आहे, जोड्या मोजता आल्या तर उत्तम, नाही तर पुढच्या जोडीकडे नजर ठेवा.

हातातल्या सामानाबद्दल. अॅनालॉग स्टिकने हा गेम खेळू नका, एक घर सरकायचं तिथे दोन घरं सरकते. डी-पॅड, म्हणजे चार दिशांचं बटण, वापरा, आणि तो पण बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळणाऱ्या स्वस्तातल्या कंट्रोलरचा असेल तर दुकानातच दाबून बघा, डावीकडे दाबताना खाली पण लागते का. लागत असेल तर जोडी बाजूला जायच्या आधीच खाली धावते आणि त्याचा राग तुम्ही लहान भावावर काढाल. निन्टेंडो स्विचवर एकेक जॉय-कॉन (त्याचा सुटा होणारा छोटा कंट्रोलर) वाटून घेतला तर आडवा धरून दिशेसाठी स्टिकच वापरावी लागते, पण दोन्ही जॉय-कॉन एकाकडेच असले तर डाव्याला चार सुटी बटणं आहेत ती या गेमला उलट बरी. मोठ्या टीव्हीवर लावला तर गेम मोड ऑन करा, आणि जुन्या टीव्हीच्या रेघा दाखवणारे जे फिल्टर येतात ते थोडा वेळ बघायला छान, पण खेळताना बंद, रंग पटकन कळले पाहिजे.

आता घ्यायचा कोणता. याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या की नवीन माणूस गोंधळून जाते.

१९९६ मध्येच तो प्लेस्टेशन आणि सेगा सॅटर्नवर आला, नंतर विंडोज पीसीवर. घरच्या या आवृत्त्यांत स्ट्रीट पझल नावाचा एकट्याने खेळायचा मोड होता, एकेकाला हरवून काहीबाही अनलॉक करायचं. २००१ मध्ये ड्रीमकास्टवर आला पण फक्त जपानमध्ये, २००३ मध्ये गेमबॉय अॅडव्हान्सवर, तिथे दोघांना खेळायला दोन मशीन आणि मधे केबल. २००७ मध्ये पीएसपीवर कॅपकॉम पझल वर्ल्ड नावाच्या कलेक्शनमध्ये. हे सगळं आता हौशी लोकांचं, जुन्या बाजारात एखादी डिस्क मिळाली तर घ्या, शोधत फिरू नका.

त्याच २००७ मध्ये एचडी रीमिक्स निघाला, एक्सबॉक्स ३६० आणि पीएस३ वर डाउनलोडवाला, बॅकबोन एंटरटेनमेंटने बनवलेला. याच्याबद्दल थोडं बोलायला पाहिजे कारण यात पहिल्यांदाच कोणीतरी केनवाल्या प्रश्नाला हात घातला. डेव्हिड सर्लिन, जो स्वतः स्पर्धांमध्ये खेळायचा, त्याने कॅरेक्टरचे नकाशे परत बसवले आणि तो बदललेला खेळ एक्स प्राइम नावाच्या वेगळ्या मोडमध्ये ठेवला, मूळ खेळ एक्स मोडमध्ये जसाच्या तसा. हे मला फार पटते, जुन्याला हात न लावता नवीन बाजूला ठेवणं, ज्याला जे पाहिजे ते खेळा. शिवाय वाय मोड आहे ज्यात क्रॅश जेमची भानगडच नाही, एका रंगाचे तीन ओळीत आले की फुटतात. एक्स प्राइममध्ये कमजोर कॅरेक्टर घेऊन पण बरोबरीने खेळता येते, म्हणून कोणाकडे जुना ३६० किंवा पीएस३ असेल आणि त्याच्यात हा आधीच घेतलेला असेल तर तो डिलीट करू नका.

२०१७ मध्ये मोबाईलवर पझल फायटर नावानेच एक फ्री गेम आला होता, कॅपकॉम व्हँकुव्हरचा. दिसायला थ्रीडी, कार्ड जमवायचे, लेव्हल वाढवायची. २०१८ मध्ये तो बंद केला आणि सर्व्हरवर चालणारा असल्यामुळे आता फोनमध्ये असला तरी उपयोग नाही. कुठल्या साईटवर त्याची फाईल दिसली तर डाउनलोड करू नका.

आज नवीन घ्यायचा असेल तर सरळ कॅपकॉम फायटिंग कलेक्शन घ्या. जून २०२२ मध्ये आलं, पीएस४, एक्सबॉक्स वन, स्विच आणि स्टीमवर. दहा गेम आहेत, पाच डार्कस्टॉकर्सचे, सायबरबॉट्स, हायपर स्ट्रीट फायटर टू, रेड अर्थ जो त्याच्याआधी कधी घरच्या कन्सोलवर आलाच नव्हता, आपला पझल फायटर, आणि सुपर जेम फायटर मिनी मिक्स, ज्यात पझल फायटरमधलीच बरीचशी बुटकी मंडळी घेऊन १९९७ मध्ये खरा फायटिंग गेम बनवला. यातला पझल फायटर आर्केडवालाच आहे, म्हणजे एक्स प्राइम नाही, केन तिथेच बसून आहे वरती. स्टीमवर सेलची वाट बघा, घाई नाही.

याची मोठी गोष्ट म्हणजे ऑनलाईनला रोलबॅक आहे. साध्या भाषेत, समोरच्याचं बटण तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत गेम थांबून राहत नाही, अंदाजाने पुढे जातो आणि अंदाज चुकला तर मागे येऊन दुरुस्त करतो. नागपूरहून जपानमधल्या कोणासोबत खेळताना पण म्हणून जोडी हातातल्या हातात फिरते. तरी वायफाय नको, लॅनची वायर लावा, राऊटर दुसऱ्या खोलीत असेल तर वायर आणा, कूलरच्या वायरसारखी ती पण दारातून जाईल. प्रॉब्लेम लॅगचा नाही, माणसांचा आहे. कलेक्शनमध्ये दहा गेम, त्यात पझल फायटरवाले थोडे, रँक्डमध्ये वाट बघत बसावं लागते. म्हणून कस्टम रूम करा आणि आपल्याच ओळखीच्यांना बोलवा, धरमपेठेतला एक आणि मानेवाड्यातला एक असे दोघं घरबसल्या खेळा, उन्हात गाडी काढायचं काम नाही. पीसीवाल्यांसाठी फाइटकेड नावाचा जुने आर्केड गेम ऑनलाईन खेळायचा प्रोग्रॅम पण आहे, तिथे पण रोलबॅक आहे आणि जुने कसलेले लोक सापडतात, पण तिथे गेमची फाईल तुमची तुम्ही आणायची असते, आणि ती कुठून आणायची हे मी सांगणार नाही, कलेक्शन विकत घ्या.

शेवटचं घरच्यासाठी. एक जण रोज खेळणारा आणि बाकी नवखे असं असेल तर मजा लवकर संपते, त्याच्यावर गेममध्येच उपाय आहे, त्याचं नाव डॅन. डॅनचा नकाशा म्हणजे सगळंच्या सगळं लाल. तो जे काही टाकेल ते पाच जोड्यांनंतर समोरच्याकडे लाल जेमचा ढीग होऊन बसते आणि एक लाल क्रॅश आला की सगळं उलटून डॅनवर. तर घरातल्या चॅम्पियनने डॅन घ्यायचा आणि नवीन माणसाने केन. चॅम्पियनला मग जिंकायला एकच रस्ता उरतो, एकही छोटा हल्ला न करता बांधत रहायचं आणि एकाच फटक्यात चौथा कॉलम बंद करायचा. नवख्याला एवढंच सांगून ठेवायचं की लाल क्रॅश आला तर लगेच वापरू नको, बाजूला ठेव. आणि लाईट गेली तर ती मॅच ड्रॉ धरायची, हा नियम पहिल्या मॅचच्या आधीच ठरवून घ्या.